‘नाहीतर’चा गठ्ठा

साक्षरतेच्या पाहणीत हिवरखेडची एकही स्त्री साक्षर निघाली नाही, आणि प्राध्यापक हरिहरपंतांनी वऱ्हाडातल्या स्त्रियांच्या अज्ञानावर चार जळजळीत पाने लिहिली. छपाईपूर्वी ते शून्य त्यांना खटकले. “पाहणीच्या कार्डांचे गठ्ठे लावताना चुकलात!” ते कारकून खुशालरावांवर कडाडले. खुशालरावांनी पंतांच्याच अक्षरातला नियम पुढे सरकवला: चौथी उत्तीर्ण असल्यास साक्षर, नाहीतर निरक्षर. “बायायचा शिक्षणाचा रकाना कोराच, साहेब. कोरं कार्ड ‘नाहीतर’मंदीच जाते. तुमी त्यायले इचारलंच नाही.” “मग बोलला का नाहीत?” “कारकुनानं डोकं चालवू नये, हे तुमचंच फर्मान.” खुशालरावांनी एक कार्ड उचलले. “हे माही बहीण जमुना. घरी पोरायले शिकवते.” पंतांना तिची ओसरी आठवली. पुरुषांकडून माहिती उतरवताना आतून बाईच्या आवाजातला धडा ऐकू येत होता. पाहणीत व्यत्यय नको म्हणून तो त्यांनीच बंद करवला होता.