वीणेचा पहारा

वीणेची खुंटी सटकली आणि चढवलेली तार एकदम सैल पडली. अजिनाथने गळ्यातली वीणा छातीशी घट्ट धरली. सप्ताहातली वीणा भुईला टेकवायची नसते, आणि दुसरा येऊन आपल्या गळ्यात घेईपर्यंत धरणाऱ्याने जागचं हलायचं नसतं. अजिनाथला तर हलायचंच नव्हतं.

देवळासमोर मोहनरावांची पांढरी गाडी दुपारपासून उभी होती. त्यांचा पुतण्या अंगद तिला टेकून सुपारी कातरत होता. नदीच्या पात्रात अंगदच्या वाळूच्या हायवा ट्रकखाली चिरडून एक माणूस गेला, ते अजिनाथने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या माजलगावच्या कोर्टात त्याला ते सांगायचं होतं. गळ्यात वीणा होती तोवर त्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. उलट येणारा-जाणारा त्याच्या पायावर डोकं ठेवून जात होता. वीणा उतरली की तो पुन्हा नुसता अजिनाथ.

हरिपाठाला माणसं जमू लागली होती. येऊन टाळांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत, खाली मान घालून बसत होती. गावाला सगळं माहीत असतं, ऐनवेळी दिसत मात्र काही नाही.

आता वीणा धरायचा पहारा बंकटचा होता. बंकट आला, पण खांबाशीच थांबला. त्याच्या पुढे मोहनराव होते, अनवाणी, डोक्यावरची टोपी सारखी करत.

"बंकटचं गुडघं दुखायलेत म्हनं. त्याच्या जागी आज मी उभा ऱ्हातो. आन इकडं."

सकाळीच बंकटने पंगतीच्या गव्हाची पोती एकट्याने उतरवली होती.

"खुंटी ढिली झालीय, मालक," अजिनाथ म्हणाला. "अशी कशी देऊ? बसवून देतो."

"बसव की. कुठं घाई हाय."

पंगत देणाऱ्यांची नावं लिहायच्या फळ्यावरचा खडू कुणीतरी आणून दिला. आजची पंगत मोहनरावांचीच होती. अजिनाथने खुंटी उपसली, तिला खडू चोळला, भोकात घालून दाबत पिळली. या कामाला वेळ लागेल, निदान हरिपाठ सुरू होईल, मग पुढचं पुढे बघू, असा त्याचा हिशेब. पण ती मेली पहिल्याच पिळाला घट्ट बसली. आठवडाभर तिने सगळ्यांना रडवलं होतं आणि शहाणपण सुचलं ते नेमकं आज. अजिनाथला तिचा संताप आला.

तो तार ऐकतोय असं दाखवत किंचित वळला आणि अंगठ्याने खुंटी हळूच मागे सारली. तार पुन्हा उतरली.

"न्हाई बसत, मालक."

तरुणपणी मोहनरावांनीही सप्ताहात वीणा धरली होती. त्यांचा कान तयार होता.

"बसली होती की. परत कावून ढिली केलीस?"

टाळांचा चाळा थांबला. वर कुणीच पाहिलं नाही. अजिनाथने बंकटकडे पाहिलं. बंकट नखाने खांबाचा रंग खरवडत होता.

मोहनरावांनी हात पुढे केला, दोन बोटांनी खुंटी पिळली, तळव्याने आत दाबली. तार छेडून पाहिली. खणखणीत वाजली. मग ते वाकले आणि रीतीप्रमाणे त्यांनी अजिनाथच्या पायांवर डोकं ठेवलं. रीतीप्रमाणे अजिनाथलाही वाकावं लागलं. त्याला भीती वाटत होती, लहान लेकराला वाटावी तशी, आणि चारचौघांत ती कुणाला सांगायची सोय नव्हती. तो वाकलेला असतानाच वीणेचा पट्टा त्याच्या मानेवरून निघाला.

बाहेर अंगदने गाडीचं मागचं दार उघडलं होतं.

मोहनरावांनी वीणा गळ्यात घेतली आणि देवाकडे तोंड करून ते उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"लई वेळ उभा ऱ्हायलास बाबा. जा, अंगद सोडंल तुला घरी. मी आता कीर्तन उठंपर्यंत हितून हालत न्हाई. सारं गाव हाय साक्षीला."