दोन कामाची गाय

या, जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. एका गाईची गोष्ट सांगतो. लहान आहे, पण ऐकताना मधून कुणी उठू नका.

लढाईची सालं होती. शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, दौलतरावांच्या अंगणात, गुरांचा व्यापारी जानराव हेडी गाय पाहत होता. गाय तांबडी, आखूड पायांची, छातीनं रुंद. पाठ पाटासारखी सपाट, वशिंड जवळजवळ नाहीच. तिचा बाप कुण्या साहेबानं बोटीतून आणलेला विलायती सांड.

"पलटणीच्या दवाखान्यात चालली," दौलतराव म्हणाले. "जखमी पोरायले दूध भेटन. आमचा शालिग्रामबी पलटणीतच हाय. कोन जाने, त्याच्याच वाटीत पडन." सकाळीच त्यांनी महादेवापुढं बेल उचलून जानरावला शब्द दिला होता.

जानरावनं गाईच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवून बोटं दाबली. बरगड्या चाचपल्या. मानेखालची पोळी मुठीत धरून तोलली.

"खाते काय?"

"कुटार, अन् मूठभर सरकीची ढेप," दौलतरावांची बायको कस्तुराबाई कौतुकानं म्हणाली. "तरी पाहा कशी भरली! शेजारीण म्हन्ते, तुही गाय हवा खाते."

"जातच तशी, माय. दुधाले भारी, अन् दूध आटलं तं अंगाले भारी. दोन कामाची गाय."

"दुसरं काम कोन्तं?"

जानरावनं दौलतरावांकडं तंबाखू मागितला.

त्या गावात एक रीत होती. घेणाऱ्यानं आपल्या हातानं दूध काढायचं, पहिली धार भुईला द्यायची, मगच दावं सुटायचं. कस्तुराबाईनं चरवी पुढं केली.

"बसा. धार काढा."

"राहू द्या. उशीर होऊन राह्यला."

"अहो, कासेले हातच नाई लावला तुमी! दूध घेता का पाठ घेता?"

दौलतराव हसले. जानरावही हसला, पण चरवी घेतली नाही. तो दावं सोडायला वाकला, तेव्हा गाईनं त्याचा खांदा चाटला.

"मारत नाई ना?"

"तिले माराचं माईतच नाई."

"बरं हाय. तिथं असंच जनावर लागते. उगा धडपड नाई."

कस्तुराबाईनं खुंट्याचं वासरू सोडून आणलं. "अन् हा?"

"तो ठेवा तुमाले."

"वासरू ठेवू? मंग तिथं पान्हा कोनाले पाहून सोडन ते?"

वासरू आईच्या कासेत शिरलं, ढुशा देऊ लागलं. कस्तुराबाई गाईच्या पुठ्ठ्याकडं पाहत राहिली. जानरावनं बोटं दाबली होती तिथले केस अजून उलटे होते.

"हे गाय दवाखान्यात जात नाई," ती हळू म्हणाली. "सुरीखाली जाते."

दौलतरावांचा चेहरा मातीसारखा झाला. हेडीकडं त्यांनी एकदा पाहिलं. तो नजर चुकवत नव्हता.

"बेल उचलला ना, दौलतराव?"

"उचलला."

"तुमी दुधासाठी उचलला!" कस्तुराबाई ओरडली. "देवाले काय ते समजत नाई?"

"बाजूले हो," दौलतराव म्हणाले. मान खालीच होती.

ती बाजूला झाली नाही. धावत जाऊन फाटकात उभी राहिली, दोन्ही हात पसरून. फाटक बैलगाडी जाईल एवढं रुंद. जानरावनं दावं ओढलं नाही, की काठी उगारली नाही. खिशातून गुळाचा खडा काढला, तळहातावर धरला आणि कस्तुराबाईच्या बाजूनं निघून गेला.

गाय संथपणे चालत आली. कस्तुराबाईचा पसरलेला हात तिनं हुंगला, एकदा चाटला. मग तिला वळसा घालून गुळाच्या मागं गेली.

दौलतराव वचनाला जागले, असं गावात अजून सांगतात. तुम्ही आरतीला हात फिरवाल तेव्हा कस्तुराबाईची आठवण असू द्या. दिवस मावळेपर्यंत ती फाटकात तशीच उभी होती, हात पसरून, आणि चाटलेला हात तिनं पदराला पुसला नव्हता.