पाचवा हात

फडतरे सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, तरी पडद्यावरचं लाल वर्तुळ काही हटेना. ते निवृत्त झाल्यावर कॉलेजने त्यांच्या रसायनशास्त्राच्या हस्तलिखित नोट्स छापायला घेतल्या होत्या. रेणूंच्या आकृत्या संगणकावर काढायला मदतीला बसली होती त्यांची जुनी विद्यार्थिनी संज्योत, आता तिथेच शिकवणारी. अठराव्या पानावरची आकृती सरांनी जशीच्या तशी उतरवली, आणि एका कार्बनभोवती चूक दाखवणारं हे वर्तुळ उमटलं.

"बिघडलंय तुझं सॉफ्टवेअर," सर म्हणाले. "सव्वीस वर्षं हीच आकृती शिकवलीये मी. पोरांना तोंडपाठ आहे."

"मोजून बघा ना, सर. कार्बनला हात किती?"

"चार," सर फटकन म्हणाले. कार्बनला चार हात, म्हणजे चारच बंध; दर वर्षी पहिल्या तासाला ते हेच घोटून घेत. मग पडद्याला बोट लावून त्यांनी त्या कार्बनच्या रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच भरल्या.

"एवढ्या पोरांनी उतरवून घेतली," ते पुटपुटले, "एकाच्याही लक्षात येऊ नये?"

"माझ्या आलं होतं, सर. चाचणीत मी चारच हात काढले होते. तुम्ही लाल पेनाने असंच वर्तुळ करून पाचवा जोडून दिलात."

सरांनी माउस सोडला. "मग?"

"मग वार्षिक परीक्षेत पाच काढले," संज्योत शांतपणे म्हणाली. "तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत."