माइकपुरती जागा

“पहिलेच सांगून देतो काकू, रॅम वाढवल्यानं तुमचा ट्रक जास्त जोरात नाही पळणार,” लॅपटॉपचं मागचं झाकण उघडता उघडता बंटी म्हणाला. “चित्र दाखवायचं काम ग्राफिक्सचं. ते यात जे आहे तेच राहणार.”

“ट्रक कुठं पळवायचा आहे मला,” मीनाक्षी म्हणाली. “माइक सुरू केला की सगळंच अडकतं. तेवढं थांबेल का?”

“ते थांबेल. चार जीबीत विंडोज, गेम आणि वरून माइक. एका खोलीत तीन बिऱ्हाडं झाली ना! आठ अजून टाकून देतो. मग बोला आरामात.” त्यानं स्क्रू कसला आणि हसला. “या वयाची गेमर अधारतालात पहिलीच पाहून राहिलो मी.”

“मग फोटो काढून लाव दुकानात.”

लॅपटॉप अभिरामचा, जुना. गुरुग्रामला नोकरी लागल्यावर त्यानं नवा घेतला आणि हा आईला दिला. फोन केला की तो मीटिंगमध्ये असायचा. त्यावरून मीनाक्षी एकदा रडली, तेव्हा गेल्या दिवाळीत त्यानंच हा गेम टाकून दिला. दोघांनी आपापला ट्रक घ्यायचा, एकामागोमाग जायचं, माल पोचवायचा आणि खालच्या चौकटीत एकमेकांना लिहायचं. “फोनपेक्षा हे बरं, आई. रोज भेट होईल,” असं तो म्हणाला होता.

आणि खरोखरच रोज भेट झाली. अभिरामनं एक संध्याकाळ चुकवली नाही. लिहायचा मात्र हिंदीत. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. जबलपूरच्या मराठी घरातलं पोर बोलताना दुसऱ्या वाक्याला हिंदीवर घसरतं, लिहिताना पहिल्याच.

त्या चौकटीत तो वेगळाच असे. फोनवर नुसतं हूं-हां. इथे मात्र जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा. ती वळणावर मागे राहिली तर पुढे ट्रक थांबवून वाट बघायचा.

म्हणूनच तिनं ती गोष्ट पहिल्यांदा त्यालाच लिहिली. छातीत गाठ हाताला लागत होती. जगन्नाथला, नवऱ्याला, सांगायची तिची हिंमत नव्हती. खमरियाच्या फॅक्टरीतलं त्याचं शेवटचं वर्ष होतं आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या.

उत्तर यायला त्या संध्याकाळी जरा वेळ लागला. मग आलं, ‘डरो मत आई. डॉक्टर को दिखा दो. मैं साथ हूँ.’

ती डॉक्टरकडे गेली. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. सोमवारी या, घरचं कोणीतरी सोबत आणा.

बुधवारी अभिरामचा फोन आला. जगन्नाथनं तो स्पीकरवर टाकला. मीनाक्षीनं सहज सांगितलं की लॅपटॉपची रॅम वाढवायचा विचार आहे, म्हणजे खेळताना बोलताही येईल.

“त्यानं गेमला काही फरक नाही पडत, आई,” तो लगेच म्हणाला. “दुकानवाले बेवकूफ बनवतात. काहून पैसे घालवून राहिली? लिहून चालतं ना आपलं?”

“पण आवाज ऐकला की बरं वाटतं रे.”

“आत्ता ऐकून तर राहिली! चलो, मीटिंग आहे.”

गाठीचा त्यानं चकार शब्द काढला नाही. बाबा शेजारी बसलेत, हे त्यानं ओळखलं असणार. पोरगं समजूतदार आहे, असं तिच्या मनात आलं.

बंटीकडून ती घरी आली तेव्हा जगन्नाथ ड्यूटीवरून येऊन चहा घेत होता.

“झाला ट्रक दुरुस्त?” त्यानं विचारलं. “मायलेक चालले फिरायला, आणि मी इथं क्लीनर.”

“क्लीनर आहात तर दूध घेऊन या.”

तो पिशवी घेऊन बाहेर पडला. मीनाक्षीनं हेडफोन लावले आणि गेम उघडला. अभिरामचा निळा ट्रक नाक्यावर उभा होता. तिनं माइकचं बटण दाबलं. काहीच अडकलं नाही. रस्त्याकडेची झाडं पूर्वीसारखीच मागे सरकत होती.

“अभिराम, आई बोलतेय. ऐकू येतं का रे?”

चौकटीत अक्षरं उमटली. ‘आई, मेरा माइक खराब है.’

“असू दे. तू फक्त ऐक.” तिनं दाराकडे पाहिलं. “सोमवारी तपासणी आहे. घरचं माणूस सोबत आणा म्हणतात. बाबांना अजून नाही सांगितलं. मला भीती वाटते रे. तू येशील? एकच दिवस ये.”

निळा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. मग हेडफोनमध्ये कोणीतरी घसा खाकरला.

“आंटी जी,” आवाज अनोळखी पुरुषाचा होता. “मैं अभिराम भैया नहीं हूँ. उनकी जगह खेलता हूँ. यही काम है मेरा.”

मीनाक्षीचा ट्रक रस्ता सोडून गवतात शिरला आणि कुंपणाला अडकला. तिनं तो काढला नाही. दिवाळीपासूनच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. जेवण, गुडघा, वळणावरचं ते थांबणं.

मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिनं ती घट्ट धरली. अभिरामला माहीतच नव्हतं. म्हणून तो फोनवर काही बोलला नाही. कळलं असतं तर मिळेल ती गाडी पकडून आला असता.

“मतलब, गाँठ का उसको पता ही नहीं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जवळजवळ आनंद होता.

“पता है, आंटी जी. आपने लिखा, तभी मैंने उनको फोन किया था,” तो म्हणाला. “भैया बोले, तुम ही कुछ अच्छा-सा लिख दो.”