कोकमाची बाटली

शाळा सुटली की दोघी जावा धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर अभ्यासाला बसत. दोघीही शिक्षिका, पात्रता परीक्षा पास झाल्या तरच नोकरी टिकणार होती. थोरली चारुता धडा वाचायची, पुस्तक मिटायची आणि धाकट्या तन्वीला सगळं समजावून सांगायची. "समाजला मां गो?" "होय वैनी, तुमी सांगलास की माका सगळा समाजता," म्हणत तन्वी कोकम सरबताची बाटली पुढे करायची. "घेवा, घसो सुकलो आसतलो." आज निकाल लागला. चारुता पास झाली, तन्वी नापास. तरी संध्याकाळी ती नेहमीसारखी बाटली भरून पायरीवर आली. "तुमी इतक्या जीव तोडून शिकवलास, पण माझ्याच डोक्यात काय्येक रवणा नाय. पुढच्या येळाक परत शिकवशात मां?" आणि तिने बाटली पुढे केली. चारुताचा हात बाटलीपाशी थबकला. वर्षभर ही बाटली रोज तिनेच रिकामी केली होती. तन्वीचा घसा एकदाही सुकला नव्हता. वर्गातल्या पोरांना फळ्यापाशी उभं करून "आता तू सांग" म्हणणाऱ्या बाईंनी घरच्या माणसाला कधी तोंडच उघडू दिलं नव्हतं. तिने बाटली मागे सारली. "ह्या तू पी. आज तू सांग, मी आयकतंय." तन्वी गोंधळली. एक घोट घेऊन तिने पहिला धडा सांगायला घेतला आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. पुढचं वाक्य चारुताच्या अगदी जिभेवर होतं. तिने ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले.