उत्तरेकडे तोंड करून

संजीवनी पुण्यात सौरवादळांचा अंदाज बांधायची नोकरी करायची. रजेवर सापगावला आली, तरी तिचं लक्ष सूर्याकडेच.

"आज दुपारी सूर्यावरचं वादळ पोचतंय," जेवताना ती म्हणाली.

"घराचे पत्रे उडतील काय गो?" तिची आई चंद्रकला घाबरली.

"नाय गो आये! होकायंत्राची सुई हलते, बास. माणसाला कळत पण नाय." संजीवनी हसून आईला बिलगली.

उन्हं कलताना फोनवर वादळ पोचल्याची खबर आली. त्याच घडीला अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या आणि सगळ्यांनी उत्तरेकडे तोंडं केली. गाईनेही मान तिकडेच वळवली.

"बाबा, बघा तरी!"

ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेले आईबाबा उठून उभे राहिले होते. दोघंही उत्तरेला, करवंदीच्या जाळ्यांकडे बघत होते. लेक घरी आली की त्यांचे चेहरे फुलायचे, तसेच आत्ता फुलले होते.

"ये गो संजू," आईने मायेने हाक मारली.

"आये, मी इथं आहे." संजीवनीने मागून तिचा पदर ओढला. आई वळली नाही.

जाळ्यांपलीकडून संजीवनीच्याच आवाजात उत्तर आलं, "आले गो आये."