कुलूपबंद फोन

“तिला कसाऱ्याला पाठवायची ना साहेब? उद्याच पाठवतो,” भगीरथराव फोनवर म्हणाले आणि समोर बसलेल्या हर्षालीच्या हातातलं पेन खाली पडलं.

शहापूरच्या त्या पतपेढीत भगीरथराव मॅनेजर होते. अध्यक्ष मुरबाडला राहत आणि वर्षातून एकदा सभेला येत. एरवी ते भगीरथरावांच्या फोनमधून येत. सगळ्यांच्या रजा, बढत्या, बदल्या त्या फोनवरच ठरत. डायलला कुलूप होतं, किल्ली भगीरथरावांच्या करदोट्याला. फोन कधी वाजत नसे. मोठी माणसं फोन करत नाहीत, त्यांना करावा लागतो, असं ते सांगत.

कसारा शाखेतल्या त्यांच्या भाच्याला हर्षालीची खुर्ची हवी होती. कसाऱ्याहून सुटल्यावर हर्षालीला तिच्या गावची, किन्हवलीची, शेवटची एसटी मिळाली नसती, आणि घरी अंगावर पिणारं लेकरू होतं.

पेन शोधायला ती टेबलाखाली वाकली. फोनची वायर भिंतीपर्यंत पोचतच नव्हती. उंदरांनी ती मधेच कुरतडली होती. तुटक्या टोकाला कोळ्याचं जाळं लागलं होतं. तेही जुनं.

ती सावकाश वर आली. भगीरथराव अजून “होय साहेब” म्हणत होते.

“भाऊसाहेब, द्या जरा. मीच बोलते.”

“अहो बाई, साहेब घाईत...”

तिने रिसीव्हर काढूनच घेतला.

“नमस्कार साहेब, मी हर्षाली. हो, बाळ मजेत हाय. काय म्हणता? बदली नाय? भाच्याला तिथंच राहू दे? थांबा, तुमीच सांगा त्यांना.”

सगळं ऑफिस बघत होतं. नवसू शिपाई चहाची किटली धरून तसाच उभा.

भगीरथरावांनी रिसीव्हर कानाला लावला. हर्षालीकडे पाहिलं, मग टेबलाखाली. आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

“होय साहेब,” ते म्हणाले. “रद्द करतो साहेब.”

आठवड्याभरात फोन हर्षालीच्या टेबलावर आला. वायर तिने स्वतः नीट कपाटामागे खोचली. नवसू रजेसाठी आता तिच्यापुढे उभा राहू लागला.

एक दिवस लाइनमन दारात आला.

“ओ मॅडम, तुमचा फोन मेलाय वाटतं. कवापासून लागत नाय.”

“कोण म्हणतं?” पदराला बांधलेली किल्ली चाचपत हर्षाली म्हणाली. “आत्ताच साहेबांशी बोलले.”